पानामागचा तांबेरा

बुरशीरोग तपासणाऱ्या मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून नजर वर केली.

"तांबेराच आहे. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या खोलीत आलात, आणि तेही रोग घेऊन! साल काय म्हणालात?"

नोंदी करणाऱ्या बाईंनी नमुन्याच्या कोपऱ्यातली चिठ्ठी पुन्हा वाचली. अंजिराची वाळलेली फांदी. गाव त्यांचंच. आणि साल, त्यांच्या वडिलांनी परगावाहून अंजिराची कलमं आणली, त्याच्या चाळीस वर्षं आधीचं. त्यांनी खुर्ची ओढली.

अकरा वर्षं त्या या वनस्पतिसंग्रहालयातले जुने नमुने संगणकावर चढवत होत्या. झाड, ठिकाण, तारीख, गोळा करणारा. मान आखडायची, डोळे चुरचुरायचे. चिठ्ठीवर रोगाची नोंद नसायचीच. गोळा करणाऱ्याला झाडाशी मतलब. म्हणून अंजिराचा नमुना आला की त्या भिंग घेऊन चिकटवलेल्या पानांत कुठे मागची बाजू दिसते का ते शोधायच्या; तांबेरा तिथंच धरतो. आज एका दुमडलेल्या पानावर विटकरी भुकटी दिसली.

वडिलांची रोपवाटिका होती. ती कलमं गावभर लागली आणि दोन वर्षांत बागाच्या बागा तांबेऱ्यानं निष्पर्ण झाल्या. लोकांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. रोपवाटिका बसली, 'तांबेरेवाले' हे नाव तेवढं चिकटलं. "रोग मी आणला नाही," असं ते भेटेल त्याला सांगत राहिले. नंतर नंतर कुणी ऐकायलाही थांबेना. घरच्यांचा मात्र विश्वास होता. लेकीचा सगळ्यात जास्त.

नमुन्याची छापील प्रत घेऊन त्या दुपारीच घरी पोचल्या. वडील खिडकीशी बसून नखं कापत होते.

"बाबा, हे बघा. तुमच्या कलमांच्या चाळीस वर्षं आधी गावात तांबेरा होता. तुम्ही नव्हता आणला."

त्यांनी प्रत डोळ्यांजवळ धरली. सालावरून बोट फिरवलं. आता म्हणतील, 'मी काय सांगत होतो!' लेक वाट बघत राहिली.

"नक्की ना गं?"

"नक्की. मॅडमनी तपासलंय."

त्यांनी प्रत मांडीवर ठेवली. खांदे खाली आले.

"तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही," ते म्हणाले. "गाडीतून कलमं उतरवली, तेव्हाच पानांमागे हे डाग होते. ओल्या फडक्यानं पुसून विकली मी."