पास चालत नाही तिथे

उत्तरेतल्या अलीगंजच्या घरात हेमाताई व्हिएतनामचा नकाशा पसरून बसल्या होत्या. आधी हनोई, मग दा नांग, पुढे समुद्रकाठची गावं. हॉटेलं त्यांनी स्वतःच ठरवली होती आणि तिकीट काढलं होतं एकटीचंच.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या राजारामरावांना काही केल्या चैन पडेना. "समुद्रच बघायचाय ना? पुरीला जाऊ. रेल्वेचा फुकट पास आहे आपल्याला."

"आजीने सब बुक कर लिया, आजोबा," नात हसली.

"अगं, पण तिकडे आपला पास चालत नाही!"

"म्हणूनच निघालेय," हेमाताई म्हणाल्या. "तुमच्या पासवर जन्मभर मी नुसती 'सोबत पत्नी' होते. पासपोर्टवर हेमा लिहिलंय."