कुरकुरणारी सायकल

जुन्या गिअरच्या सायकलचा मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर असा किंचाळायचा, की श्रीरंग घरी आल्याचं अख्ख्या गल्लीला कळायचं. त्याने तेल पाजलं, स्प्रिंग आवळली. कुरकुर काही हटेना.

"पंचवीस वर्षांची म्हातारी ती, कुरकुरणारच. असू दे की," त्याचे वडील, तात्या, समजावायचे.

श्रीरंग मात्र इरेला पेटला. रविवारी सगळा मागचा भाग खोलून सांध्यातले झिजलेले बुश त्याने बदलले. चक्कर मारून पाहिली, तर सायकल मांजरीसारखी बिनआवाज! तात्यांना दाखवायला तो खुशीत थेट अंगणात शिरला.

तात्या झोपाळ्यावर होते. मांडीवर जिलब्यांचा पुडा, कोपरापर्यंत ओघळलेला पाक. डॉक्टरांनी मधुमेहामुळे गोड बंद केलेलं. घरात पहारा श्रीरंगचाच.

तोंडातली जिलबी कशीबशी गिळून तात्या कडाडले, "गाढवा, जुने बुश फेकले नाहीस ना?"