सरळ बोट

उषाबाईच्या भोपळ्याच्या वेलावर त्या दिवशी तीन फुलं उमलली होती. झुंबरबाईने आधी धाकट्या जावेच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. मग ती वाफ्यात वाकली, एकेका फुलाच्या तोंडात बोट घातलं आणि खालच्या सुपारीएवढ्या फळाला ऐकू जाईल इतपत पुटपुटली, "सड."

कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, हे वडीगोद्रीत पोरंसोरंही जाणून होती. दाखवायची वेळ आलीच, तर बोट वाकडं करून दाखवत. झुंबरबाई सरळ दाखवत होती. आजचा एकविसावा दिवस. पहिला आठवडा तिने कुडाआडून, लांबूनच बोट रोखलं. चार फळं पिवळी पडून गळाली. एक मात्र तसंच राहिलं. लांबून नेम चुकतो असं तिच्या मनाने घेतलं आणि ती जवळ जाऊन फुलालाच बोट लावू लागली. तेव्हापासून एकही गळेना. झुंबरबाईने बोट आणखी आत घालायला सुरुवात केली.

भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या. न्हाणी एकच होती. तिचं पाणी अकरा वर्षं झुंबरबाईच्या वेलाला जात होतं. उषाबाई लग्न होऊन आली आणि सासूने, गोजरबाईने, पाट फोडून अर्धं पाणी तिच्या वाफ्याला दिलं. यंदा चैतातच आड तळाला गेला. अर्ध्या पाण्यावर दोन्ही वेल माना टाकू लागले. एकच वेल जगवायचा, ज्याला फळं जास्त त्याला सगळं पाणी, असं गोजरबाईने सांगून टाकलं होतं. दुसरा चार दिवसांत वाळणार, हे कुणी बोललं नाही.

निगा झुंबरबाईचीच जास्त होती. लांब देठाची वांझ फुलं वेलाचं बळ खातात, म्हणून ती रोज उजाडताच आपल्या वेलावरची एकूण एक खुडून टोपलीत टाकी. त्यांची भाजी होई. तेच हात घेऊन ती जावेच्या वाफ्यात शिरे. उषाबाईला खुडणं बिडणं ठाऊक नव्हतं. ती उन्हं आल्यावर उठायची, हसत उठायची. नवरा तिच्या डोक्यावर घागर चढवून द्यायचा. आणि फळं तिच्याच वेलाला धरत होती.

उन्हं वाफ्यावर आली तशी गोजरबाई आली. बरोबर तिचा भाचा बद्रीनाथ होता. तो निजाम सरकारच्या शेतकी मळ्यावर कामाला होता आणि दोन दिवसांसाठी आला होता. उषाबाईही दार उघडून बाहेर आली. तिच्या वेलावर नऊ फळं होती, सगळ्यात मोठं नारळाएवढं. झुंबरबाईच्या वेलावर नुसती पानं.

बद्रीनाथने परसातल्या चिंचेकडे पाहून मधमाश्यांचं मोहोळ कुठं गेलं म्हणून विचारलं. होळीआधीच धूर करून काढलं, असं गोजरबाईने सांगितलं. मग माशीवाचून इतकी फळं कशी धरली, याचं त्याला नवल वाटलं. झुंबरबाईच्या टोपलीतलं एक फूल घेऊन त्याने फाडलं आणि आतली पिवळी दांडी दाखवली.

"हा नर, मावशी. ह्याची भुकटी मादीच्या फुलाला लागल्याबिगर फळ धरत न्हाई. माशी न्हाई, मंग हातानं लावावी लागती. कुणीतरी रोज सकाळी बराबर लावून राह्यलंय."

झुंबरबाईच्या वेलावरचे खुडलेले देठही त्याने पाहिले. सगळे नर काढून टाकल्यावर या वेलाला फळ येणार कुठून, असं तो म्हणाला.

गोजरबाईने उषाबाईला विचारलं, तूच लावत होतीस का. उषाबाईने पदर सारखा केला.

"म्या न्हाई, आत्या. बाईंनी."

सगळ्यांनी झुंबरबाईच्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत पिवळं होतं. ते तिने मुठीत घ्यायच्या आत गोजरबाईने तिचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत सासूने तिचा हात असा कधी धरला नव्हता.

"सोताचा येल ऱ्हाऊ देऊन जावंचा बघितलास," गोजरबाई म्हणाली. दुसऱ्या हाताने तिने सुनेची पाठ थोपटली.

खरं सांगितलं तरी पाणी जाणारच होतं. झुंबरबाईने हात तसाच राहू दिला.

गोजरबाईने स्वतः फावड्याने माती ओढून झुंबरबाईच्या वाफ्याचं तोंड बुजवलं. सगळं पाणी पलीकडे वळलं. माश्या परत येईपर्यंत रोज सकाळी फुलांना हात लागायला हवा, असं बद्रीनाथ म्हणाला. ते काम झुंबरबाईनेच करायचं, हे आपोआप ठरलं.

दोघं आत गेल्यावर उषाबाई वाफ्याच्या कडेला बसली आणि मोठ्या फळाखाली वाळलेला पाला सारू लागली.

"पहिल्यांदा बघितलं तवा लई राग आल्ता, बाई," ती खालच्या आवाजात म्हणाली. "दाराच्या फटीतून समदं दिसतं. वरडणार होते. मंग फळं ऱ्हायला लागली. म्हणलं, येऊ द्या रोज."

झुंबरबाईने पिवळं बोट पदराला पुसलं.

"उद्या जरा जल्दी या," उषाबाई म्हणाली. "पाच उमलणार हायेत. तुमचा येल वाळंस्तोवर फुलं त्याचीच वापरू."