पॅनेलखालून आलेले आकडे

पॅनेल खाली आलं तेव्हा मनिषाच्या हातात पेन होतं. टेकूची लोखंडी घोडी सटकली, एक टोक धाडकन जमिनीवर आपटलं आणि त्याखाली महिपतीतात्यांचा पाय सापडला. धुळीतून त्यांचा आवाज आला, "मॅडम, मी हाय. जिता हाय."

बारामतीबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची ही पत्र्याची प्रयोगशाळा. दिवाळीची सुट्टी होती, आत दोघंच होते. तात्या तिथले मदतनीस. नोकरी लागण्याआधी बावड्यात सुतारकाम करायचे. मनिषा पीएच.डी. करत होती. इंदापूरकडच्या बांधांवरच्या नीलगिरीच्या फळ्या तिने एक थर उभा, एक आडवा असे पाच थर चिकटवून हे जाड पॅनेल बनवलं होतं. काँक्रीटच्या स्लॅबऐवजी अशा लाकडाचं छत घालता येईल का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी पॅनेल दोन घोड्यांवर ठेवायचं, वर वाळूची पोती रचायची आणि मधोमध खालून टेकवलेल्या डायलवर ते किती मिलिमीटर वाकलं ते वाचायचं. आज छत्तीस पोती चढली होती. भार असताना खाली कुणी जायचं नाही, असा नियम होता. डायल हलल्यासारखा वाटला म्हणून तिनेच म्हटलं होतं, "तात्या, जरा बघता का?"

आता तात्या पाठीवर आडवे होते. डावा पाय पॅनेलच्या पडलेल्या टोकाखाली. दुसरं टोक अजून घोडीवर होतं, पण ती घोडीही तिरकी झाली होती. लाकडाच्या खालच्या थराला लांब तडा गेला होता. त्यांच्या छातीत आणि त्या तड्यात वीतभर अंतर होतं.

तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला, अग्निशमनला केला. दोघांनी "निघतोय" म्हणून सांगितलं. गेटवरचे दादासो पहार घेऊन धावत आले. पहार पडलेल्या टोकाखाली घालून त्यांनी जोर दिला. लाकूड कण्हल्यासारखं करकरलं. तिरकी घोडी बोटभर सरकली.

"थांबा!" मनिषा ओरडली. "वर नऊशे किलो आहेत. आधी पोती काढायला लागतील. एकेक."

"कुठल्या बाजूनं?" दादासोंनी विचारलं.

तिने पॅनेलभर नजर फिरवली. चुकीच्या बाजूचं पोतं निघालं तर पॅनेल कलणार, घोडी सुटणार आणि सगळं तात्यांच्या छातीवर येणार. चार वर्षं हेच शिकली होती ती. आता एकही सूत्र आठवेना. पत्रे तापले होते, गोंदाचा उग्र वास घशात बसला होता. आपण बाहेर जाऊन गाडीची वाट बघावी, असं तिला वाटलं. निदान हे डोळ्यांनी बघायला नको. ती मागे सरली. वळली.

"मॅडम," तात्या म्हणाले, "डायल माझ्या तोंडापशी हाय. टोक लाकडाला लागलंय."

ती थांबली. "किती दाखवतोय?"

"अठरा."

पडण्याआधी बारा होते. म्हणजे सहा वाढले, पण पॅनेल तुटायला पंचवीस लागणार होते, तोवर वेळ होता. तिच्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. ती परत आली आणि पडलेल्या बाजूकडच्या पोत्यावर हात ठेवला.

"दादासो, हे. आपटू नका, उचलून घ्या. तात्या, आकडा?"

"साडेसतरा."

"पुढचं. आकडा?"

"सतरा."

अकराव्या पोत्याला तात्यांचा आवाज एकदम चढला. "थांबा! वाढला. अठराच्या वर गेला. त्या अंगाचं नका काढू."

मनिषाने बाजू बदलली. मधलं पोतं काढायला लावलं, मग घोडीकडचं, मग पुन्हा मधलं. तात्या सांगत होते, ती ठरवत होती, दादासो वाहत होते.

विसाव्या पोत्यानंतर खालून काही आलं नाही.

"तात्या?"

तिने गुडघे टेकून खाली बघितलं.

"तात्या, आकडा सांगा!"

"...अकरा." बऱ्याच वेळाने, अगदी बारीक. "पाय हाय का न्हाय, कळंना झालंय."

"आहे. मला दिसतोय. अजून सोळा पोती. बोलत राहा."

ते बोलत राहिले. दहा. नऊ. साडेआठ. शेवटचं पोतं निघालं तेव्हा ते "तीन" म्हणाले आणि त्याच वेळी अग्निशमनची गाडी आत आली, मागोमाग ॲम्ब्युलन्स. सहा जणांनी रिकामं पॅनेल उचललं. तात्यांना ओढून बाहेर काढलं. घोटा मोडला होता, बाकी अंगावर ओरखडा नव्हता.

त्यांना स्ट्रेचरवर घेत होते तेव्हा मनिषाने खाली पडलेला डायल उचलला. काच फुटली होती. आत काटाच नव्हता. तो पॅनेल पडतानाच निखळून कुठेतरी उडाला होता.

ती तो तसाच हातात घेऊन ॲम्ब्युलन्सपाशी गेली.

"तात्या, ह्याला काटा नाही."

"व्हय. न्हवताच."

"मग आकडे?"

"लाकूड ऐकत हुतो. करकरलं की वाढवायचो, गप झालं की उतरवायचो. उमर गेली त्यात, तेवढं कळतं." त्यांनी ओठ ओले केले.

"तसंच सांगायचं होतं ना मग. अठरा कुठून आणलात?"

तात्यांनी डोळे मिटून घेतले.

"खालनं मला तुमचं पाय तेवढं दिसत हुतं, मॅडम. ते दाराकडं वळलं, तवा अठरा म्हणालो."