जुनं जमा केल्यावरच नवं

लष्करी भांडारातल्या कुमुदिनीबाईंच्या पेटीतून कोणतीही वस्तू क्षणात आघाडीवर पोहोचायची.

“जवान धायगुडेचं यांत्रिक हृदय बिघडलंय, बाई. नवं पाठवा,” तिकडून डॉक्टर म्हणाले.

“आधी जुनं जमा करा, साहेब. त्याशिवाय पेटी नवं सोडत नाही. मी वर तीनदा लिहिलंय.”

“जुनं त्याच्या छातीत आहे.”

“ठाऊक आहे, साहेब.”

“बरं, काढतो. मिनिटभर तगेल तो.”

हृदय पेटीत आलं. ते अडखळत चालत होतं. पेटीच्या पडद्यावर अक्षरं उमटली: चालू वस्तू जमा होत नाही.

“बाई, आटपा.”

बाईंनी ते दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं. बऱ्याच वेळाने ते बंद पडलं. मग नवं गेलं.

“परत पाठवतोय, बाई,” डॉक्टर म्हणाले. “वापरलेलं नाही.”