चार बोटांची जागा

"काकू, जरा बघता का? काकांची मूठ छातीला टेकतेय. ये तो नियम में नहीं है ना?"

विश्वेशने हे इतक्या ओशाळ्या आवाजात विचारलं की शरदिनीबाईंना त्याचीच दया आली. बँकेतला गुणी मुलगा, आज काकांविरुद्ध खेळणारा. पण बोलत होता ते बरोबर होतं. बनारसच्या रेल्वे कारखान्यातल्या गोल्फच्या मैदानावर आज त्या पंच होत्या, आणि काका म्हणजे त्यांचेच यजमान.

रत्नाकरराव शेवटच्या होलपाशी उभे होते. चेंडू होलपासून चार पावलांवर. हातात स्वतः घडवलेला, हनुवटीपर्यंत पोचणारा पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची काठी. त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरायचा. लांब दांडा धरला की जरा कमी. आधीचे तीन पटर बाईंनीच घरी, जेवणाच्या टेबलावर नापास केले होते. पहिल्याला गवंड्याची पाणसळ बसवलेली. दुसऱ्याच्या दांड्यात स्प्रिंग. तिसरा छातीला टेकवूनच धरावा लागे, आणि अंगाचा टेकू नियमाला चालत नाही.

"तिकडे विलायतेत तरी काय वेगळं चाललंय?" रत्नाकरराव कुरकुरायचे. "कंपन्या चेंडू लांब जावा म्हणून जिवाचं रान करतात आणि नियमवाले म्हणतात, पल्ला आखूड करा. कारागीर दिसला की यांच्या पोटात दुखतं."

"मग त्या कंपन्यांकडेच जेवायला जा," असं म्हणत बाई आमटी वाढायच्या.

हा चौथा पटर. हाही गेला तर गोल्फचं किट कायमचं माळ्यावर, असं ते सकाळी बूट चढवताना म्हणाले होते. चिडून म्हणाले असते तर बाईंनी मनावर घेतलं नसतं.

त्या जवळ गेल्या. "पुणतांबेकर साहेब, मारायच्या पवित्र्यात उभे राहा."

"जी, रेफ्रीबाई."

बाईंनी चार बोटं जुळवून मूठ आणि छाती यांच्या मध्ये घातली. तर्जनी छातीला लागली, करंगळी मुठीला. ना कमी, ना जास्त. तीस वर्षं याच कारखान्याच्या टूलरूममध्ये, हत्यारं घडवताना केसाच्या फरकावर काम केलेला माणूस. त्याने जागा नेमकी बायकोच्या बोटांच्या मापाची ठेवली होती.

"स्वेटर ढगळ आहे, तो लागतोय. मूठ सुटी आहे," त्या विश्वेशला म्हणाल्या. "पटर पास."

"बधाई हो काका!" विश्वेशचा जीव भांड्यात पडला.

बाई हात काढायला गेल्या.

"राहू दे," रत्नाकरराव हळूच म्हणाले. मुठीची थरथर थांबली होती. करंगळीला टेकून, अगदी शांत.

"अहो, दुसऱ्याच्या आधाराने मारलं तर दोन फटके दंड आहे."

"मारतोय कुठे? नुसता उभा आहे. एका फटक्याला चाळीस सेकंद मिळतात, तूच सांगतेस ना? मोज."

विश्वेशने पाठ फिरवली आणि झाडीतल्या मोराकडे फार मन लावून बघू लागला.

बाई मोजू लागल्या. बत्तीसपर्यंत आल्या, मग चुकल्या, आणि त्यांनी पुन्हा एकवीसपासून धरलं.