पेटीवर एक, पेटीत एक

"म्हणजे तुम्ही ब्रिटिश," गुरुदत्त म्हणाले.

"छे हो. मी इंग्लिश," एडविन म्हणाला. त्याची हिंदी गुरुदत्तांपेक्षा सफाईदार होती.

गुरुदत्तांची सगळी नोकरी कोलकात्यात, खिदिरपूरच्या गोदीत, कस्टममध्ये गेली. पेटीवर एक लिहायचं आणि पेटीत दुसरंच भरायचं, हे त्यांना मुळीच खपत नसे. त्यात हा पाहुणा म्हणजे लेकीनं, आभानं, परस्पर पसंत केलेला नवरा.

"इंग्लिश काय, ब्रिटिश काय, एकच की!"

"एकच कसं? आजोबा यॉर्कशायरचे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इंग्लिश. ब्रिटिश मी नाहीच."

"आणि भारत-इंग्लंड सामना असला की?"

"इंग्लंड!" तो इतक्या जोरात ओरडला की सरलाबाईंच्या हातातली पोह्यांची बशी हिंदकळली.

"अहो, तुमचं तरी काय वेगळं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आधार कार्ड कोलकात्याचं, जन्म गेला इथं, आणि कुणी विचारलं की आम्ही साताऱ्याचे!"

"तो मुद्दा वेगळा."

खरं तर गुरुदत्तांना धास्ती वाटत होती. लंडनात आठ-नऊ वर्षं नोकरी करून आभा गेल्याच वर्षी परतली होती. इथल्याच सॉल्ट लेक भागातल्या ऑफिसात हा तिला भेटला. आता याच्यामागं ती पुन्हा गेली, की घरात दोघं म्हातारी एकमेकांची तोंडं बघत बसणार. हा विचारच त्यांना सोसत नव्हता.

"स्पष्ट सांगतो," ते म्हणाले. "माणूस म्हणून तुम्ही गोड आहात. पण परदेशी पासपोर्टवाला या घरात चालणार नाही. लग्न रद्द!"

आभाचा चेहरा खर्रकन उतरला. "बाबा, पासपोर्टचं काय एवढं?"

"लग्नाच्या नोंदणीसाठी दोघांचे काढून ठेवलेत ना? आण इकडे."

तिनं दोन निळे पासपोर्ट नाइलाजानं टेबलावर ठेवले. गुरुदत्तांनी चष्मा चढवला. वरच्यावर 'भारत गणराज्य' छापलं होतं. लेकीचा तो. त्यांनी न उघडताच मायेनं बाजूला ठेवला आणि दुसरा उघडला.

"ब्रिटिश सिटिझन!" ते गरजले. "म्हणे ब्रिटिश नाहीच! मुद्देमालासकट सापडलात!"

एडविन पोहे खात राहिला.

"बाबा," आभा पुटपुटली, "फोटो बघा."

फोटो आभाचा होता.